दुर्बीणबाई आणि पाण्यात उभी झाडं

दुर्बीणबाई आमच्या कार्यालयात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

पूर ओसरून जेमतेम आठवडा झाला होता. गावातल्या रुग्णालयात त्या सोनोग्राफीच्या तंत्रज्ञ होत्या आणि त्यांचा विभाग होता तळमजल्यावर. पुराची सूचना आली आणि पाठोपाठ पाणीच दारात आलं. रुग्णांना जिन्यानं वर नेलं, एका बाळंतिणीला तर खुर्चीसकट उचललं. मशीन मात्र जागच्या जागी बुडालं. त्याचा राग घेऊन बाई टेकडीवरच्या आमच्या पूर-अंदाज केंद्रात तरातरा शिरल्या आणि कुणाचं नाव-गाव न विचारता सुरू झाल्या.

"पाणी आल्यावर पाणी आलं म्हणून सांगायला तुम्ही कशाला हवेत? ते तर माझ्या चपलांनीसुद्धा सांगितलं मला. तरंगून!"

आमचे साहेब शांत माणूस. कुणीही चिडून आलं की ते आधी खुर्ची पुढे करायचे.

"बसा ना. पाणी घेता थोडं?"

"पाण्याचं नाव काढू नका माझ्यासमोर!"

मला हसू फुटलं. मी पलीकडच्या टेबलावर होतो. नदीकाठी जिथं जिथं पातळी मोजायच्या पट्ट्या लावल्यात तिथल्या माणसांना फोन करायचे, आकडे घ्यायचे, ते संगणकात भरायचे, हे माझं काम. साहेबांनी बाईंना अडचण समजावून सांगितली. नदी येते वरच्या डोंगरातून. तिथं वस्ती विरळ, पट्ट्या कमी. आणि मोठा पूर आला की पहिल्यांदा वाहून जाते ती पट्टी, आणि पहिल्यांदा बंद पडतो तो फोन. खबर हवी असते नेमकी तेव्हाच खबर देणारं कुणी उरत नाही.

बाई ऐकत होत्या की नव्हत्या कोण जाणे. त्यांचं लक्ष साहेबांच्या मागच्या पडद्याकडे गेलं होतं. गळ्यातल्या साखळीला अडकवलेला जाड चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला, उठल्या आणि नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"नदी. उपग्रहाच्या रडारनं टिपलेली."

"हे काळं म्हणजे पाणी."

साहेब चकित झाले. "कसं ओळखलंत?"

"करड्या चित्रात काळं शोधण्यात जन्म गेलाय माझा. आमच्याकडे पोटात आवाज सोडतात आणि परत काय येतं ते बघतात. पाण्यातून काहीच परत येत नाही, म्हणून ते काळं."

"आमच्याकडेही जवळपास तसंच," साहेब म्हणाले. "वरून तिरक्या लहरी सोडतात. खडबडीत जमिनीवरून त्या उसळून परत येतात. शांत पाण्यावरून घसरतात आणि पलीकडे निघून जातात. ढग, पाऊस, अंधार, त्यांना कशाचीच आडकाठी नाही."

"हे चित्र कधीचं?"

"पुराच्या आदल्या दिवसाचं."

बाई वळल्या. राग ओसरला होता, पण त्या जागी जे आलं होतं ते रागापेक्षा अवघड होतं.

"म्हणजे हे वर डोंगराखाली पसरलेलं पाणी आदल्या दिवशी इथं दिसत होतं. मग कुणी बघितलं का नाही?"

साहेबांनी सारवासारव केली नाही. हा त्यांचा मोठेपणा. "आम्ही ही चित्रं पूर गेल्यावर बघतो, किती नुकसान झालं ते मोजायला. पाणी येण्याआधी बघायची तर ती रोज उठून वाचणारं माणूस लागतं. आमच्याकडे तसं माणूस नाही."

"मग मला शिकवा," बाई म्हणाल्या.

चाळिशी ओलांडलेली बाई, चांगली नोकरी सोडून, उपग्रहाची चित्रं वाचायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात, विशीतल्या मुलींच्या वर्गात जाऊन बसली. मुली त्यांना 'काकू' म्हणायच्या आणि परीक्षेच्या आधी त्यांच्याच घरी अभ्यासाला जमायच्या. दीड वर्षानं बाई आमच्याकडे रुजू झाल्या. दुर्बीणबाई हे नाव मीच ठेवलं. पडद्याला नाक लावून बसायची त्यांची सवय आणि तो चष्मा बघून ते तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, चिडतील. पण दुसऱ्याच दिवशी फोनवर त्या कुणाला तरी सांगत होत्या, "हो हो, पूर-अंदाजवाली दुर्बीणबाईच बोलतेय."

काम असं चालायचं. काही उपग्रह ढगांकडे बघून सांगायचे, डोंगरात पाऊस किती पडतोय. तो अंदाजच असायचा, पण दर थोड्या वेळानं नवा मिळायचा. रडारवाला उपग्रह मात्र कामात गुंतलेल्या जावयासारखा, काही दिवसांनी एकदा तोंड दाखवणार. तो आला की बाई नदीचा पसारा बघायच्या. कुठं फुगलीय, कुठं काठ सोडलाय. त्यात माझ्या पट्ट्यांचे आकडे घालायचे आणि संगणकाला विचारायचं की उद्या आपल्याकडे किती. वरचं पाणी गावात पोचायला साधारण एक दिवस लागतो. तो एक दिवस लोकांच्या हातात द्यायचा, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

आणि पहिल्याच मोठ्या परीक्षेत बाई नापास झाल्या.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात डोंगरात बरा पाऊस झाला होता. रडारचं चित्र आलं. वरच्या अंगाला नदी जिथं मोठं वळण घेते, तिथं केवढा तरी काळा पट्टा पसरलेला. बाईंनी चष्मा वर-खाली करून दोनदा बघितलं. "नदीनं काठ सोडलाय," त्या म्हणाल्या. सूचना गेली. नदीकाठची खालची वस्ती रिकामी केली. लोक बोचकी घेऊन शाळेच्या सभागृहात येऊन राहिले. बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान तिथंच बेकरी चालवतात. त्यांनी पिठाची पोती माडीवर चढवली, मळलेलं पीठ फेकून दिलं, भट्टी विझवली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. नदी आपल्या पात्रात निवांत वाहत होती, काही घडलंच नाही अशी.

"काय मेहुणीबाई," भाऊजी दुकानाच्या दारातून ओरडले, "पूर वाटेत चहाला थांबला की काय?"

गल्लीतली माणसं खो खो हसली. त्यानंतर कित्येक महिने बाई रस्त्यानं निघाल्या की कुणी ना कुणी विचारायचं, "आज छत्री घेऊ की होडी?" बाईही हसून साजरं करायच्या. "काय करणार," त्या मला म्हणाल्या, "आधी मी गावाला पाण्यात बघत होते. आता गाव मला पाण्यात बघतंय."

पण एका संध्याकाळी कार्यालय रिकामं व्हायच्या वेळी मी मागे वळून बघितलं तेव्हा त्या चष्मा काढून बसल्या होत्या. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा अगदी वेगळा दिसायचा, दमलेला.

"बाई, मनाला लावून घेऊ नका."

"लोक हसले त्याचं नाही हो काही. पुढच्या वेळी खरंच पाणी येईल आणि हे लोक हसत बसतील. त्याची भीती वाटते मला." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मला ते वळण बघायचंय. वरून पुष्कळ बघितलं. आता खालून."

साहेबांनी जीप दिली. आम्ही दोघं गेलो. रस्ता असा की हाडं खिळखिळी झाली. वळणावर पोचलो आणि बाई खाली उतरून नुसत्याच उभ्या राहिल्या. समोर वाळू. नजर पोचेल तिथवर वाळू, बारीक, कोरडी, इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. आदल्या पुरात नदीनं पात्र बदललं होतं आणि जुन्या जागी ही एवढी वाळू पसरून ती बाजूला सरकली होती.

बाईंनी बूट काढून हातात घेतले आणि त्या वाळूवरून चालू लागल्या. बऱ्याच पुढे जाऊन परत आल्या.

"लहरीला काय कळतंय हो पाणी की वाळू? गुळगुळीत दिसलं की घसरली. हीसुद्धा काळीच दिसणार." त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "काळं म्हणजे पाणी असं मी पहिल्याच दिवशी किती ऐटीत म्हटलं होतं! इतकी वर्षं एका खोलीत जे खरं होतं ते मी सगळ्या जगाला लावून मोकळी झाले."

वाळूच्या पलीकडे उंच झाडांची लागवड होती. सरळ खोडांच्या रांगाच रांगा, मधून माणूस सहज चालू शकेल इतक्या मोकळ्या. बाई आत शिरल्या आणि एका खोडाशी थबकल्या. खोडावर त्यांच्या कमरेइतक्या उंचीवर वाळलेल्या गाळाची रेघ होती. शेजारच्या खोडावरही. त्याच्या शेजारीही.

"पाणी इथं शिरतं," मी म्हटलं.

"शिरतं ना. पण मग वरून इथं काय दिसत असेल?" त्यांनी मान वर करून पानांकडे बघितलं. "पाणी खाली, झाडं वर. काळं तर दिसायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून जुनी चित्रं काढून बसल्या. ज्या पुरानं त्यांचं रुग्णालय बुडवलं त्याच्या आदल्या दिवसाचं चित्र उघडलं आणि ती लागवड शोधली. मला हाक मारली.

"बघा तर."

झाडांचा तो तुकडा काळा नव्हताच. उलट नेहमीपेक्षा कितीतरी उजळ होता. आजूबाजूची शेतं करडी आणि मध्ये हा तुकडा पांढरट चमकत होता.

साहेबही आले. तिघांनी मिळून पुस्तकं चाळली आणि कोडं उलगडलं. वरून आलेली लहर झाडांमधल्या पाण्यावर आपटते, घसरते, पण पलीकडे निघून जायच्या आत समोर खोड उभं असतं. त्यावर आपटून ती आल्या वाटेनं परत फिरते. उघड्यावरचं पाणी लहरीला हरवून टाकतं आणि झाडांत उभं राहिलेलं पाणी तिला घरी परत धाडतं.

"पण जपून," साहेब म्हणाले. "पावसानं जमीन भिजली तरी चित्र उजळतं."

"मग शेतं पण उजळतील," बाई म्हणाल्या. "शेतं आणि झाडं दोन्ही उजळली तर नुसती ओल. शेतं तशीच आणि झाडंच तेवढी उजळली तर पाणी."

तो सगळा हिवाळा आम्ही जुने पूर उकरून काढण्यात घालवला. बाई चित्रं लावायच्या, मी त्या त्या दिवसांची माझ्या पट्ट्यांची पातळी काढून द्यायचो. जुळलं तर बाई टेबलावर थाप मारायच्या, नाही जुळलं तरी मारायच्या. सगळीकडे काही जुळलं नाही. एका पुरात झाडं उजळलीच नव्हती, त्याचं कारण आम्हाला अजूनही सापडलेलं नाही. पण बहुतेक वेळा ती लागवड उजळली की पुढच्या दिवशी गावात नदी चढलेली होती.

आणि मग पुढचा पावसाळा आला.

तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी मी फोन फिरवत होतो आणि वरच्या पट्ट्यांवरून एकाचाही आवाज येत नव्हता. डोंगरातला फोनचा मनोरा पडला होता. पावसाचा अंदाज सांगणारे उपग्रह 'पुष्कळ' एवढंच सांगत होते, पण किती पुष्कळ त्यावर त्यांचं एकमत होईना. नशिबानं त्याच सकाळी रडारवाला डोक्यावरून गेला होता. चित्र उतरायला लागलं. बाई पडद्याला चिकटल्या.

वळणापाशी काळं फारसं नव्हतं. वाऱ्यानं पाणी खवळलेलं असलं की तेही काळं दिसत नाही. शेतं जराशीच उजळली होती. पण झाडांचा तुकडा मात्र घासून उन्हात ठेवलेल्या परातीसारखा लखलखत होता.

"साहेब!"

साहेब आले, त्यांनी बघितलं, हनुवटीला हात लावला. "बाई, गेल्या वेळी..."

"गेल्या वेळी मी काळ्याच्या भरवशावर होते."

"खात्री किती?"

"दहात सात-आठ."

"म्हणजे दोन-तीनदा हसं होणार."

"हो. आणि हे असंच्या असं लोकांना सांगायचं. पूर येणारच म्हणून सांगायचं नाही. येण्याची शक्यता जास्त आहे, आला तर कुठवर येईल आणि कधी येईल, हे सांगायचं. नाही आला तर आम्ही खोटं बोललो असं होत नाही."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, जणू निर्णय माझाच होता. माझ्या टेबलावर फोन मुका पडला होता. मी म्हटलं, "साहेब, माझी माणसं काही बोलत नाहीत. झाडं बोलतायत तर ऐकूया."

सूचना निघाली. त्यात मीटर आणि सेंटीमीटर नव्हते. बेकरीच्या गल्लीत खिडकीपर्यंत, रुग्णालयाचा तळमजला गुडघाभर, पूर्वेच्या आळीत उंबऱ्यापर्यंत, उद्या दुपारपासून, असं लिहिलं होतं. रुग्णालयात बाईंनी स्वतः फोन केला. पलीकडून त्यांची जुनी मैत्रीण म्हणाली, "अगं, मशीन लिफ्टमध्ये आहे. तुझ्या फोनसाठी थांबलो नाही आम्ही."

खालच्या वस्तीतून मात्र निरोप आला की लोक हलत नाहीत. ध्वनिक्षेपकावरची सूचना ऐकून म्हणे हसतायत.

बाईंनी रेनकोट चढवला. मी गाडी काढली. दुपारच्या त्या करड्या उजेडात गल्लीतली दुकानं सगळी उघडी होती आणि भाऊजी गल्ल्यामागे उभे राहून गरम पाव कागदात गुंडाळत होते.

"या मेहुणीबाई! आज किती वाजताचा पूर?"

चार गिऱ्हाइकं हसली. बाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत.

"भाऊजी, उद्या दुपारी. तुमच्या या खिडकीपर्यंत. दहात सात-आठ वेळा येईल, दोन-तीन वेळा येणार नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर जन्मभर चिडवा मला. आलं तर मी तुम्हाला एकदाही चिडवणार नाही. आत्ता पोती वर न्या, ताईला शाळेत पाठवा."

भाऊजींच्या हातातला पाव तसाच राहिला. गेल्या वेळी बाई किती ठासून बोलल्या होत्या ते त्यांना आठवत असावं. आज त्या चूक होण्याची शक्यता स्वतःच सांगत होत्या, आणि तरीही भर पावसात इथवर आल्या होत्या.

"दोन-तीन वेळा येणार नाही, हे तूच म्हणतेस?"

"मीच म्हणते."

आतून ताई आल्या, खांद्याला पिशवी, हातात पोपटाचा पिंजरा. "मी निघाले," त्या यजमानांना म्हणाल्या. "तुम्ही बसा चर्चा करत. पाणी आलं की त्यालाच विचारा, तू सातातलं की तिनातलं."

या वेळी गिऱ्हाइकं हसली ती भाऊजींना. भाऊजींनी पाव ठेवला, बाह्या सारल्या आणि पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. मी दुसऱ्याला हात घातला. समोरच्या शिंप्यानं ते बघितलं. बेकरीवाला भट्टी विझवतोय म्हटल्यावर त्यानं यंत्र टेबलावरून सोडवायला घेतलं. त्याच्या शेजारणीनं त्याला बघितलं. ध्वनिक्षेपकानं जे झालं नव्हतं ते एका पोत्यानं झालं. संध्याकाळपर्यंत गल्ली शाळेकडे निघाली होती. कुरकुरत, विनोद करत, पण निघाली होती.

पाणी दुसऱ्या दिवशी आलं. बाईंनी दुपारी म्हटलं होतं, ते सकाळीच आलं. पुलावरच्या पट्टीचा माणूस फोनवर ओरडून आकडे सांगत होता आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता. टेकडीवरून आम्हाला खालची वस्ती दिसत होती. पाणी धावत आलं नाही. ते सगळीकडून एकदम वर उचललं गेल्यासारखं आलं, तपकिरी, जाड, आणि बेकरीच्या खिडकीला येऊन टेकलं. बाई खिडकीशी उभ्या होत्या. "घाईघाईनं आलं," त्या पुटपुटल्या. "लोक आज हलले असते तर..."

माणूस एकही गेला नाही. भट्टी खचली, दोन भिंती पडल्या, शिंप्याचं कपाट वाहून गेलं ते कुठल्या कुठे सापडलं. रुग्णालयात तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि दुसऱ्या मजल्यावर त्याच वेळी सोनोग्राफी चालू होती. भाऊजी शाळेच्या सभागृहात सोबत आणलेल्या एका पोत्याच्या पिठातून सगळ्यांसाठी पाव भाजायच्या खटपटीत होते. बाई तिथं गेल्या तेव्हा त्यांनी फक्त एक गरम पाव पुढे केला. बाईंनी आपला शब्द पाळला, एकदाही चिडवलं नाही. भाऊजींनाच ते जड गेलं. "अगं, बोल काहीतरी एकदाचं!" ते शेवटी म्हणाले.

पूर्वेच्या आळीत मात्र पाणी शिरलंच नाही. तिथली माणसं सामान परत घरी नेताना आमच्या नावानं बोटं मोडत होती. साहेब म्हणाले, "जाऊ द्या, बाकीचं बरोबर आलं ना?" पण बाईंना ते सोडवेना. पाणी ओसरल्यावर त्या खडूची पेटी घेऊन वस्तीत गेल्या. घराघरावर पाण्याची रेघ कुठवर गेली ते त्यांना मोजायचं होतं, म्हणजे संगणकातला गावाचा नकाशा सुधारता येईल.

पहिल्या घरी त्या खाली वाकून रेघ शोधत होत्या. दुसऱ्या घरातल्या आजीबाई बाहेर आल्या, "इथं नाही, इथं आलं होतं," म्हणून त्यांनी खडू हातातून घेतला. बघता बघता पेटी रिकामी झाली. गल्लीभर माणसं आपापल्या भिंतीवर रेघा मारत होती. शिंपी टेपनं उंची मोजून मला सांगत होता. पूर्वेच्या आळीतले दोघे आले, त्यांनी बाईंना आपल्या आळीच्या तोंडाशी नेलं आणि नव्या रस्त्याचा भराव दाखवला. पाणी त्यालाच अडलं होतं आणि आमच्या नकाशात तो नव्हता.

"अहो, मग तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?" बाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलंतच नाही."

"आता विचारते. दर वर्षी पावसाआधी विचारीन. सांगाल ना?"

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "सांगू की," एक म्हणाला. "पण बाई, त्या पलीकडच्या ओढ्याचंही लिहून घ्या. तो पण बुजवलाय."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चला, दाखवा," त्या म्हणाल्या आणि चिखलातून त्यांच्या मागे निघाल्या.